दोन भाषांचा वकील

कायद्याचे अज्ञान ही सबब ठरत नाही, असे न्यायशास्त्रात एक जुने वचन आहे. कायदा सर्वांना ठाऊक आहे असे धरूनच न्यायासन आपला निवाडा देत असते. हे वचन ज्यांनी रूढ केले त्यांनी एक गोष्ट मात्र मुकाट्याने गृहीत धरलेली दिसते. ती अशी की, ज्याच्यासाठी कायदा केला त्याला कायद्याची भाषा समजते. हे गृहीत जेथे खरे नसते तेथे कायदा ग्रंथात राहतो, अन्याय शेतात आणि कारखान्यात राहतो, आणि दोहोंची गाठ पडत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही गाठ घालून देण्याचे काम करणारा वकिलांचा एक वर्ग गेल्या साठ वर्षांत पुढे आला आहे. इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने वावरणारा आणि मजुरी-नोकरीच्या तंट्यांत परदेशातून आलेल्या कामगारांची बाजू मांडणारा वकील, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारांची संख्या आज चार कोटींहून अधिक आहे. त्यांतील पुष्कळांची घराणी पिढ्यान् पिढ्या तेथलीच आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यू मेक्सिको हे प्रदेश तर १८४८ च्या तहाने मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आले, आणि माणसे जागच्या जागी राहून त्यांचे राज्य तेवढे बदलले. बाकीचे मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर अशा देशांतून पोटासाठी आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेतीला माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून मजूर आणवले. त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. माणसाऐवजी त्याच्या बाहूंचेच नाव त्याला मिळावे, यात त्या व्यवस्थेची दृष्टी आपोआप उघड झाली आहे. ती योजना १९६४ च्या अखेरीस बंद पडली. कामाची गरज आणि पोटाची गरज मात्र उरली. शेतमळे, उपाहारगृहांची स्वयंपाकघरे, इमारतींची बांधकामे आणि मांसाचे कारखाने या साऱ्यांचा भार अजूनही मोठ्या प्रमाणात स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांवर आहे.

या माणसांना कायद्याने काय दिले होते? अमेरिकेत कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा १९३५ मध्ये झाला. किमान वेतन आणि ज्यादा कामाचा दीडपट मोबदला देणारा कायदा १९३८ मध्ये झाला. दोन्ही कायदे मोठे, आणि दोन्हींनी शेतमजुराला उंबऱ्याबाहेर ठेवले. मोठ्या मळ्यांवरील मजुरांना किमान वेतन मिळू लागले ते १९६६ च्या दुरुस्तीनंतर. ज्यादा तासांच्या दीडपट मोबदल्याचा हक्क तर मध्यवर्ती कायद्याने त्यांना अद्यापही दिलेला नाही. कॅलिफोर्निया राज्याने तो देण्यासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. म्हणजे वकिलाला केवळ हक्क ठाऊक असून चालत नाही. कोणते दार उघडे आहे आणि कोणते बंद, हे आपल्या पक्षकाराला त्याच्या भाषेत स्पष्ट सांगावे लागते. खोटी आशा लावणे हादेखील एक प्रकारचा अन्यायच होय.

अशा वकिलाच्या कचेरीत गर्दी होते ती बहुधा संध्याकाळी, कामे सुटल्यावर. माणूस अवघडून बसतो. त्याच्या हातातल्या पिशवीत पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेतून न वटता परत आलेले धनादेश आणि इंग्रजीतली काही पत्रे असतात. ही पत्रे त्याने जपून ठेवलेली असतात, वाचलेली नसतात. परप्रांतात नोकरीनिमित्त राहिलेल्या आणि न समजणाऱ्या लिपीतला कागद घेऊन कचेरीच्या दाराशी उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला ही अवस्था निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे वकिलाच्या पहिल्या वाक्यावर बरेच काही अवलंबून असते. स्पॅनिशमध्ये मराठीप्रमाणेच ‘तू’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. इंग्रजीत तो उरलेला नाही. दिवसभर मुकादमाकडून ‘तू’ ऐकून आलेल्या माणसाला वकिलाने ‘आपण बसा’ म्हटले, की त्याला कळून चुकते की येथे आपली गणना माणसांत आहे. कायद्याचे काम पुढे सुरू होते. विश्वासाचे काम त्या एका सर्वनामाने सुरू झालेले असते.

मग शब्दांची परीक्षा सुरू होते. मेक्सिकन मजूर म्हणतो, ‘मे देस्कान्सारोन’. शब्दशः अर्थ घेतला तर ‘त्यांनी मला विश्रांती दिली’. शब्दकोश उघडून बसलेला भाषांतरकार येथे ‘रजा’ असे लिहून मोकळा होईल. मजुराला सांगायचे असते ते हे, की मला कामावरून कमी केले. रजा आणि कामावरून कमी करणे यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एका शब्दाच्या चुकीने सबंध दावा बदलतो. दुसरे उदाहरण ‘देमान्दा’ या शब्दाचे. मालकाला मागणीचे पत्र पाठवू या, असे वकील इंग्रजीच्या सवयीने सुचवतो आणि मागणी या अर्थाने ‘देमान्दा’ म्हणून जातो. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ होतो फिर्याद. साधे पत्र पाठवण्याची गोष्ट असताना समोरच्या माणसापुढे कोर्ट उभे राहते, आणि तो पिशवी उचलून निघून जातो.

याहून घातक शब्द ‘नोतारियो’. लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत नोतारियो हा कायद्याचा मोठा पंडित असतो. वकिलीचे शिक्षण, अनुभव आणि सरकारी नेमणूक असल्याशिवाय ते पद मिळत नाही. अमेरिकेतला ‘नोटरी’ मात्र सही साक्षांकित करण्यापुरता अधिकार असलेला सामान्य इसम असतो. दोन शब्दांच्या या सारखेपणाचा फायदा घेऊन दारावर ‘नोतारियो’ अशी पाटी लावणारे लोक गरिबांकडून पैसे उकळतात, चुकीचे अर्ज भरतात, आणि कधी कधी त्या अर्जापायीच माणसाला देश सोडावा लागतो. हा प्रकार इतका माजला की अनेक राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. एका शब्दाच्या भाषांतरात एखाद्या कुटुंबाचे भवितव्य कसे अडकू शकते, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

येथे कोणी विचारील, की मग दुभाषा का ठेवू नये? वकिलाला स्वतःलाच दोन्ही भाषा आल्या पाहिजेत असा आग्रह कशाला? याचे उत्तर व्यवहारात आहे. मळ्यावर किंवा कारखान्यात इंग्रजी जाणणारा माणूस बहुधा मुकादमच असतो. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच तोंडून ती सांगायची. घरी इंग्रजी जाणतो तो शाळेत जाणारा मुलगा. अशी मुले आईबापांबरोबर कचेरीत येतात आणि दुभाषाचे काम करतात. मजुरीचे आकडे मुलगा सांगू शकेल. पण मुकादम आपल्याशी कसा वागला, हे कोणती आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून वकिलाला सांगेल? तेथे ती गप्प बसते. जे बोललेच गेले नाही त्याचे भाषांतर उत्तमातल्या उत्तम दुभाषालाही करता येत नाही.

या वर्गाच्या इतिहासात क्रूझ रेनोसो यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील ब्रेया या गावी मेक्सिकोहून आलेल्या आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. भावंडे अकरा, बाप शेतमजूर, आणि मुलांचे हातही मळ्यांत राबत. ते इंग्रजी शिकले ते शाळेत. पुढे ला हाब्रा या गावी राहत असताना मेक्सिकन वस्तीत टपालवाला येत नसे. पत्रे आणायला गावात जावे लागे. या मुलाने विचारणा केली, स्थानिक उत्तराने त्याचे समाधान झाले नाही, तेव्हा त्याने लोकांच्या सह्या गोळा केल्या आणि थेट वॉशिंग्टनला टपाल खात्याच्या प्रमुखांकडे अर्ज धाडला. वस्तीत टपाल येऊ लागले. अर्ज लिहिला तर उत्तर येते, एवढी एक गोष्ट त्या मुलाच्या मनावर त्या वेळी कायमची कोरली गेली असावी. पुढे बर्कली येथे ते कायदा शिकले, मेक्सिको शहरातील राष्ट्रीय विद्यापीठात त्यांनी राज्यघटनेच्या कायद्याचा अभ्यास केला, आणि सीमेलगतच्या एल सेंत्रो या गावी वकिली सुरू केली.

१९६६ मध्ये, सरकारच्या दारिद्र्यनिवारण योजनेतून मिळालेल्या पैशावर, ‘कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स’ ही संस्था निघाली. खेड्यापाड्यांतील गरिबांना फुकट वकील मिळवून देणे हे तिचे काम. १९६९ ते १९७२ या काळात रेनोसो तिचे संचालक होते. या संस्थेच्या वकिलांनी चालवलेला एक खटला विस्ताराने सांगण्याजोगा आहे.

सालिनासच्या खोऱ्यात लेट्यूस या पालेभाजीचे आणि साखरेच्या बीटाचे अफाट मळे आहेत. रोपे उगवली की त्यांची विरळणी करावी लागते, तण काढावे लागते. त्यासाठी मजुराच्या हाती जी कुदळी दिली जाई तिचा दांडा जेमतेम फूट-दीड फूट लांबीचा असे. मजूर तिला ‘एल कोर्तितो’, म्हणजे ‘छोटुकली’, म्हणत. नाव लाडिक, पण गुण मोठे क्रूर. आपल्याकडे खुरपणी करणारी बाई निदान बसून पुढे सरकते. या कुदळीने काम करायचे तर कमरेत दुमडून, डोके गुडघ्यांपर्यंत आणून, दिवसभर वाफ्यामागून वाफा चालत राहावे लागे. काही वर्षांत पाठीचे मणके कामातून जात. लांब दांडा का नको? बागाईतदार म्हणत, मजूर वाकला नाही तर रोपाजवळ नीट काम होत नाही. मजुरांना ठाऊक असलेले कारण निराळे होते. आखूड दांडा असला, की पाठ सरळ करणारा माणूस मुकादमाला दुरूनही दिसतो. उभा दिसला तो कामचुकार, असा तो सोपा हिशोब होता.

संस्थेचे एक तरुण वकील मॉरिस जर्डेन यांच्यापाशी मजुरांनी ही व्यथा मांडली. आता कायदा शोधायचा होता. नवा कायदा करवून घ्यावा तर विधिमंडळात मजुरांचे वजन नव्हते. पण राज्याच्या सुरक्षा-नियमांत एक ओळ आधीपासूनच होती: असुरक्षित हत्यारे कामगारांच्या हाती देऊ नयेत. या ओळीच्या आधारे १९७२ मध्ये सुरक्षा-मंडळाकडे अर्ज करण्यात आला. मजुरांनी साक्षी दिल्या, पाठीच्या विकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांनीही दिल्या. १९७३ मध्ये मंडळाने अर्ज फेटाळला. त्याचे म्हणणे असे, की ‘असुरक्षित हत्यार’ म्हणजे मोडके, सदोष हत्यार. ही कुदळी तर चांगली धडधाकट आहे. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७५ च्या जानेवारीत न्यायालयाने सांगितले, की मंडळाचा हा अर्थ फार संकुचित आहे. जे हत्यार ठरलेल्या रीतीने वापरले असता माणसाच्या शरीराचा नाश करते तेही असुरक्षितच. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात त्या कुदळीवर बंदी आली. आज तसली एक कुदळी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात ठेवलेली आहे.

या खटल्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की नियम नव्याने करावा लागला नाही. तो इंग्रजीत छापलेला होताच. वेदना स्पॅनिशमध्ये बोलली जात होती, तीही वर्षानुवर्षे. ‘माझी पाठ गेली’ हे मजुराचे वाक्य आणि ‘असुरक्षित हत्यार’ हे नियमातले शब्द, या दोहोंचा अर्थ एकच आहे, हे ओळखणारा माणूस तेवढा मध्ये हवा होता.

असे काम कोणालाही न दुखावता होत नाही. १९७० च्या अखेरीस राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी या संस्थेचे अनुदान नाकारले. संस्थेवर अनेक आरोप ठेवण्यात आले. मध्यवर्ती सरकारने परराज्यांतील तीन न्यायाधीशांचे मंडळ नेमले. त्याने १९७१ मध्ये आरोप निराधार ठरवले आणि संस्था वाचली. पुढे १९९६ च्या निर्बंधांनी मात्र सरकारी अनुदान घेणाऱ्या वकिली संस्थांना परवान्याविना राहणाऱ्या बहुतेक परदेशी लोकांची वकीलपत्रे घेण्याची मनाई झाली. ज्यांना गरज सर्वांत अधिक त्यांच्यासाठीच हे दार बंद झाले. त्यांना खाजगी देणग्यांवर चालणाऱ्या संस्था शोधाव्या लागतात, किंवा खाजगी वकील. अशा वकिलांचा चरितार्थ चालतो तो एका तरतुदीमुळे: किमान वेतनाचा दावा मजुराने जिंकला, तर बुडालेली मजुरी, बहुधा तितकीच आणखी भरपाई आणि मजुराच्या वकिलाचे शुल्कही मालकाने द्यायचे असते. पण मुदत फक्त दोन वर्षांची. मालकाने जाणूनबुजून कायदा मोडल्याचे सिद्ध झाले तर तीन. भीतीपोटी गप्प बसलेल्या माणसाचा हक्क दिवसागणिक झिजत जातो.

पुरावा कोठून आणायचा, हा दुसरा प्रश्न. मालकाने तासांची नोंदच ठेवली नसेल तर? १९४६ मध्ये मिशिगनमधील मातीच्या भांड्यांच्या एका कारखान्यातील कामगारांच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नोंद ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ते त्याने केले नसेल, तर कामगाराने वाजवी अंदाजाने मांडलेला हिशोब पुरेसा धरावा आणि तो खोडून काढण्याची जबाबदारी मालकावर टाकावी. म्हणून हे वकील आपल्या पक्षकारांना एक साधा उपदेश करतात: खिशात वही ठेवा आणि रोज कामाची वेळ लिहा. स्वयंपाकघराच्या वाफेने डागाळलेली, चुकीच्या स्पेलिंगांनी भरलेली अशी वही न्यायालयात मालकाच्या छापील कागदापुढे ताठ उभी राहते.

सर्वांत मोठी भीती असते ती परवान्याची. ‘मी तक्रार केली तर मला हाकलून देतील’ या धाकावर कित्येक मालकांचा धंदा चालतो. येथे एका भारतीयाची हकीकत आठवते. भारताचा नागरिक असलेला एक गृहस्थ १९८२ मध्ये पाहुण्याच्या परवान्यावर अमेरिकेत गेला, मुदत संपल्यावरही तेथेच राहिला आणि अलाबामा राज्यातील एका मोटेलात झाडलोटीचे व दुरुस्तीचे काम करू लागला. किमान वेतन आणि ज्यादा तासांचा मोबदला मिळाला नाही म्हणून त्याने दावा लावला. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले, की परवाना नसला तरी काम करणारा तो कामगारच, आणि केलेल्या कामाची कायदेशीर मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. स्पॅनिश बोलणाऱ्या हजारो मजुरांच्या दाव्यांत तो निर्णय पुढे आधाराला घेतला गेला. उलट, २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे सांगितले, की संघटना केल्याबद्दल बेकायदा काढून टाकलेल्या अशा कामगाराला, काढल्यानंतरच्या काळातील बुडालेल्या वेतनाची भरपाई मिळणार नाही. केलेल्या कामाचे पैसे मिळतील; अन्यायाने हिरावलेल्या कामाचे नाहीत. ही बारीक रेषा घाबरलेल्या माणसाला समजावून सांगायची, तर ती त्याच्याच भाषेत सांगावी लागते. परवान्याचा धाक दाखवून तक्रारदाराचा सूड घेण्यास मनाई करणारे कायदे कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये केले. तेही अशा वकिलांना एकेका घरी नेऊन पोहोचवावे लागतात.

कायदेमंडळालाही हे हळूहळू उमगले. फिरत्या शेतमजुरांच्या संरक्षणाचा १९८३ पासून अमलात असलेला मध्यवर्ती कायदा असे सांगतो, की कामाच्या अटी मजुरांना लेखी कळवाव्यात, आणि त्यांना इंग्रजी येत नसेल तेथे स्पॅनिशमध्ये किंवा त्यांच्यात रूढ असलेल्या भाषेत कळवाव्यात. ‘मी ओळखतो तो मुकादमाला, मजुरांना मी ओळखत नाही’ असे म्हणणाऱ्या मळेवाल्यालाही योग्य प्रसंगी मुकादमाबरोबर जबाबदार धरता येते. ऊसतोडणीच्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मालक, मुकादम आणि मजूर ही तीन पायऱ्यांची उतरंड अपरिचित वाटणार नाही.

परंतु दोन भाषांनीही काम पुरे होत नाही, हे आता या वकिलांना कळले आहे. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातून येणाऱ्या पुष्कळ मजुरांची मातृभाषा मिश्तेक किंवा त्रिकी असते. स्पॅनिश त्यांनाही परकीच. ती मालकाची नव्हे, पण मुकादमाची भाषा. वकिलाच्या स्पॅनिश प्रश्नाला असा माणूस अदबीने ‘सी’, म्हणजे ‘होय’, म्हणत राहतो, आणि त्या होकारात समज किती आणि संकोच किती हे कळत नाही. तेव्हा मिश्तेकमधून स्पॅनिशमध्ये आणि स्पॅनिशमधून इंग्रजीत, असे दोन दुभाषे लागतात. आपण ज्या भाषेचा अभिमान धरला तीही कोणासाठी तरी भिंत ठरते, हे मान्य करायला वकिलाच्या अंगी नम्रता लागते. या भाषा जाणणारे कार्यकर्ते आता त्या समाजांतूनच नेमले जात आहेत.

रेनोसो १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. लॅटिन अमेरिकी वंशाचा माणूस त्या आसनावर प्रथमच बसत होता. १९८६ च्या मतदानात ते पद गेले, २००० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, आणि २०२१ मध्ये ते निवर्तले. न्यायमूर्ती या नात्याने १९८४ मध्ये त्यांनी लिहिलेल्या एका निर्णयपत्राने हा विषय संपवणे उचित होईल. इंग्रजी न जाणणाऱ्या एका आरोपीला न्यायालयाने दुभाषा दिला होता. पण सरकारी साक्षीदारांची जबानी घेण्यासाठी त्याच दुभाषाला तेवढ्यापुरते ‘उसने’ घेतले गेले. तेवढा वेळ आरोपी आपल्याच खटल्यात, आपल्याविरुद्ध चाललेली साक्ष ऐकत, पण कोणाशी एक शब्द बोलण्याची सोय नसताना, बसून राहिला. रेनोसो यांनी निर्णय दिला, की राज्यघटनेने दिलेला दुभाषाचा हक्क सबंध कामकाजभर आहे. तो मध्येच उसना घेता येत नाही. तो खटला फौजदारी होता, मजुरीचा नव्हता. पण ज्याचे बालपण मळ्यात गेले आणि ज्याने इंग्रजी शाळेत जाऊन कमावली, त्या माणसाला त्या आरोपीच्या एकटेपणाची कल्पना इतरांहून अधिक असणार. कायद्याचे अज्ञान ही सबब नाही, हे वचन खरेच आहे. मात्र ते उच्चारण्याचा अधिकार त्याच राज्याला पोहोचतो, ज्याने आपला कायदा प्रत्येकाच्या कानापर्यंत नेऊन पोहोचवला आहे.